ड्रोनच्या उड्डाणरेषेत आमची वस्ती आहे काय?

या देशात जमिनीचा नकाशा कधीच निव्वळ कागद नव्हता. ज्याचे घर, ज्याचे शेत नकाशावर आले तो मालक झाला आणि ज्याचे आले नाही तो पिढ्यान्‌पिढ्या तेथेच राहूनही अतिक्रमणदार ठरला. गावगाड्याने आम्हाला गावकुसाबाहेर ठेवले, हे सर्वजण जाणतात. परंतु मोजणीच्या साखळीनेही आम्हाला बाहेरच ठेवले, याची चर्चा चळवळीत व्हावी तेवढी झालेली नाही. आता ती साखळी जाऊन तिच्या जागी ड्रोन आला आहे. ड्रोनला जात नसते, असे सांगितले जाते. ते खरेच आहे. मात्र ड्रोनने कोठून कोठपर्यंत उडायचे हे यंत्र ठरवीत नाही, माणूस ठरवितो; आणि या देशातील माणसाला जात असते. यास्तव आमचे म्हणणे असे की, घराच्या हक्काची लढाई हरकतीच्या अर्जापासून नव्हे, तर ड्रोनच्या उड्डाणाच्या नियोजनापासूनच लढली पाहिजे.

केंद्र सरकारने २४ एप्रिल २०२० रोजी ‘स्वामित्व’ योजना जाहीर केली. ग्रामीण भागातील राहत्या जागेची ड्रोनने मोजणी करून प्रत्येक घरमालकाला मिळकतीचा दाखला द्यायचा, असा तिचा उद्देश आहे. पहिल्या टप्प्यात जी राज्ये घेतली त्यांत महाराष्ट्र होता. किंबहुना पुणे जिल्ह्यातील पुरंदर तालुक्याच्या सोनोरी गावात असा प्रयोग आधीच झालेला होता. उड्डाणाचे काम भारतीय सर्वेक्षण विभागाकडे आणि पुढील चौकशीचे काम राज्याच्या भूमी अभिलेख विभागाकडे, अशी ही विभागणी आहे. १८ जानेवारी २०२५ रोजी एकाच दिवशी १० राज्ये व २ केंद्रशासित प्रदेशांतील ५० हजारांहून अधिक गावांत ६५ लाख दाखले वाटल्याचे सरकारने जाहीर केले. तोवर ३ लाख १७ हजार गावांवरून ड्रोन उडून गेले होते. महाराष्ट्रात या दाखल्याला सनद म्हणतात. शहरांसाठी ‘नक्शा’ नावाचा असाच कार्यक्रम १८ फेब्रुवारी २०२५ रोजी १५२ नगरांत सुरू झाला. म्हणजे गाव असो की शहर, हे यंत्र आपल्या छपरावरून जाणारच आहे. प्रश्न एवढाच की, जाताना ते आपले छप्पर टिपणार की चुकविणार?

गावठाण कोणाचे?

इंग्रजी अमदानीत शेतांची मोजणी झाली, प्रत्येक शेताला सर्व्हे नंबर मिळाला, कारण सारा शेतातून येत होता. गावठाणातून सारा मिळत नव्हता, म्हणून मोठी गावे व शहरे वगळता गावठाण हे नकाशावर एक सलग न मोजलेला तुकडा म्हणून राहिले. त्या तुकड्याच्या आत कोणाचे घर कोठे, याची नोंद सरकारकडे नव्हतीच. होती ती ग्रामपंचायतीच्या नमुना ८ मध्ये, आणि तीही कर वसुलीसाठी, मालकीसाठी नव्हे. स्वामित्व योजना ही उणीव भरून काढते, इतपत तिचे स्वागतच केले पाहिजे.

परंतु येथेच मेख आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ च्या कलम १२२ नुसार गावाच्या जागेत कोणती जमीन येते हे ठरविण्याचा आणि ती हद्द वेळोवेळी बदलण्याचा अधिकार जिल्हाधिकारी किंवा भूमापन अधिकाऱ्याला आहे. कलम १२६ नुसार त्या जागेची मोजणी होते. आता आमच्या वस्त्या कोठे आहेत ते पाहा. काही गावठाणातच, पण कडेला आहेत. काही विस्तारित गावठाणात आहेत. काही गायरानावर आहेत. काही जुन्या महार वतनाच्या जमिनीवर आहेत. १९२८ साली मुंबई कायदेमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडून बाबासाहेबांनी ज्या वतनाच्या गुलामीवर घाव घातला आणि पुढे १९५८ च्या कायद्याने जे वतन खालसा झाले, तीच ही जमीन. काही घरे कोणा जमीनदाराच्या बांधावर, तर काही ओढ्याच्या काठी, रस्त्याच्या कडेला आहेत. कोकणात तर बौद्धवाडी मूळ गावापासून चांगली लांब, डोंगराच्या उतारावर असते.

म्हणजे जिल्हाधिकाऱ्याच्या कागदावरचे गावठाण आणि माणसे खरोखर राहतात ते गाव, या दोन वेगवेगळ्या गोष्टी आहेत. ड्रोनचे उड्डाण यांपैकी कोणत्या हद्दीवर आखले जाते? जुन्या गावठाणाच्या हद्दीवर आखले तर वस्ती बाहेर. राहत्या जागेच्या हद्दीवर आखले तर वस्ती आत. निर्णय एवढाच आहे. तो कार्यालयात बसून संगणकावर एक रेघ ओढून होतो. त्याची दवंडी पिटली जात नाही.

उड्डाणाचे नियोजन म्हणजे काय?

आपल्या कार्यकर्त्यांनी हे शास्त्र थोडे समजून घेतले पाहिजे. ते अवघड नाही. ड्रोन गावावरून मनाला येईल तसा फिरत नाही. शेतकरी औत हाकताना जसा एक तास संपवून वळतो आणि शेजारून दुसरे तास धरतो, तसा ड्रोन ठरलेल्या उंचीवर, ठरलेल्या समांतर रेषांनी जातो आणि ठरलेल्या अंतरावर खाली फोटो घेतो. हे फोटो एकमेकांवर चढलेले असावे लागतात. एकच घर निरनिराळ्या जागांवरून टिपले गेले, तरच संगणक त्याचे नेमके ठिकाण व उंची काढू शकतो. दोन डोळ्यांनी आपल्याला अंतर कळते, एका डोळ्याने नीट कळत नाही. तसेच हे आहे. यालाच फोटोग्रामेट्री म्हणतात.

नियोजन करणारा पाच गोष्टी ठरवितो : क्षेत्राची हद्द, उंची, फोटोंचे एकमेकांवरील आच्छादन, जमिनीवरील नियंत्रण बिंदू आणि वेळ. यांपैकी प्रत्येक गोष्टीत आमच्या वस्तीचे हित-अहित दडलेले आहे.

सर्वसाधारण वापरातील एका चांगल्या कॅमेऱ्याचे उदाहरण घेऊ. ड्रोन १०० मीटर उंचीवर असेल तर एका फोटोत जमिनीचा सुमारे १५० मीटर रुंद व १०० मीटर लांब तुकडा येतो आणि फोटोतील एक ठिपका जमिनीवरील पावणेतीन सेंटिमीटरएवढा असतो. उड्डाणाच्या दिशेने ७५ टक्के आणि शेजारच्या रेषेवर ७० टक्के आच्छादन ठेवायचे, तर दर २५ मीटरला एक फोटो आणि दर ४५ मीटरला एक रेषा हवी. या हिशेबाने मधल्या घराचे बारा-तेरा फोटो मिळतात. पण हद्दीच्या कडेवर काय होते? तेथे पलीकडे रेषाच नसते. कडेच्या घराचे दोन-तीन फोटो मिळतात, कधी एकच. म्हणून जाणकार नियोजक हद्दीच्या बाहेर एक-दोन रेषा जास्तीच्या उडवितो. घाईत असलेला नियोजक उडवीत नाही. परिणामी नकाशा मध्यभागी चोख आणि कडेला वेडावाकडा निघतो.

वाचकहो, मध्यभागी कोणाचा वाडा आहे आणि कडेला कोणाचे घर आहे, हे आम्ही सांगायला हवे काय? हजारो वर्षांच्या व्यवस्थेने आम्हाला जेथे बसविले, नेमकी तीच जागा या यंत्राची दुबळी जागा आहे. यात यंत्राचा कट नाही. पण जाणीवपूर्वक उपाय केला नाही, तर जुनाच अन्याय नव्या अचूकतेने छापला जाईल.

नियंत्रण बिंदूंचेही तसेच. जमिनीवर ठळक खुणा करून त्यांचे अक्षांश-रेखांश उपग्रहाच्या यंत्राने सेंटिमीटरपर्यंत मोजतात आणि त्या खुणांना सगळे फोटो खिळवितात. या खुणा गावाच्या चौकात, शाळेत, ग्रामपंचायतीच्या अंगणातच ठेवल्या तर नकाशाचा मधला भाग पक्का बसतो, पण कडा वर-खाली वाकू शकतात. खुणा चारी कडांवर असाव्यात, हा या शास्त्रातील साधा नियम आहे. तेव्हा एक खूण आमच्या विहाराच्या किंवा समाजमंदिराच्या अंगणात असावी, ही मागणी मेहेरबानीची नाही, शास्त्राचीच आहे.

डोंगरी भागात आणखी एक गोष्ट घडते. ड्रोन जेथून उडतो त्या जागेपासून १०० मीटर उंची धरतो. वाडी त्या जागेपेक्षा ४० मीटर उंच असेल तर ड्रोन तिच्या डोक्यावरून फक्त ६० मीटरवरून जातो. फोटोत येणारा तुकडा लहान होतो, ७५ टक्क्यांचे आच्छादन ५८ वर आणि ७० टक्क्यांचे ५० वर येते. वाडी खोलगट भागात असेल तर आच्छादन वाढते, पण चित्र ढोबळ होते. जमिनीच्या चढउताराप्रमाणे उंची बदलत उडण्याची सोय आजच्या यंत्रांत आहे. ती वापरायला सांगणारा कोणीतरी हवा, एवढेच.

आणि हे सर्व करायला किती खर्च येतो? दहा हेक्टरचे गावठाण टिपायला ड्रोनला साधारण दहा-पंधरा मिनिटे लागतात. अर्धा किलोमीटरवरची वस्ती घ्यायची तर फार तर आणखी एक बॅटरी. एका बाजूला काही मिनिटे आणि दुसऱ्या बाजूला पुढच्या पिढ्यांचे घर! कोणत्याही अधिकाऱ्याने खर्चाची सबब सांगितली तर हा हिशेब त्याच्यापुढे ठेवावा.

छप्पर दिसते, भिंत दिसत नाही

वस्ती उड्डाणरेषेत आली म्हणजे काम संपले असे नाही. ड्रोन वरून पाहतो. त्याला छप्पर दिसते, छपराखालची भिंत दिसत नाही. वाड्याला कुंपण असते, दोन वाड्यांमध्ये बोळ असतो. त्यांची हद्द वरून स्वच्छ दिसते. आमच्याकडे भावाभावांची घरे एका भिंतीला, पत्र्यावर पत्रा चढलेला, मध्ये कडुनिंबाची फांदी. वरून पाहता चार कुटुंबांचे एकच छप्पर दिसते. संगणकावर रेघ ओढणारा एकच मिळकत धरतो आणि थोरल्या भावाचे नाव लावून मोकळा होतो. पुढे काय होते ते कोर्टाच्या पायऱ्या झिजवणाऱ्यांना विचारा. भावाभावांतील असे किती दावे आम्ही वकिली करताना पाहिले आहेत! बहुतेकांचे मूळ कोणीतरी न पाहता लिहिलेल्या नोंदीत असते.

यावर उपाय योजनेतच आहे. उड्डाणापूर्वी प्रत्येक मिळकतीच्या कडेने चुन्याची रेघ मारायची असते, म्हणजे ती फोटोत दिसते. हे काम ग्रामपंचायत आणि भूमी अभिलेख विभागाच्या कर्मचाऱ्यांनी घरमालकांसमक्ष करायचे असते. येथे गणित पुन्हा उपयोगी पडते. एक ठिपका पावणेतीन सेंटिमीटरचा, तर बोटभर रुंदीची रेघ फोटोत दिसणारच नाही. रेघ निदान चार-सहा इंच रुंद हवी. ती छपराच्या वळचणीखाली मारली तर वरून झाकली जाते. कोपऱ्यावर, मोकळ्या जागेत ठळक दिसेल अशी मारावी. शक्यतो उड्डाणाच्या आदल्या दिवशीच मारावी, नाहीतर जनावरांच्या पायांनी आणि पावसाने ती जाते.

आणि ही रेघ मारताना घरात माणूस हवा. बीड, अहिल्यानगर, जालना, धाराशिव या जिल्ह्यांतील हजारो कुटुंबे दसरा-दिवाळीनंतर कोयता घेऊन साखर कारखान्यांकडे निघतात आणि मार्च-एप्रिलपर्यंत परत येत नाहीत. त्यांत दलित, भटके-विमुक्त मोठ्या संख्येने आहेत. हिवाळा-उन्हाळ्यातील कोरडे, स्वच्छ आकाश उड्डाणाला सर्वांत सोयीचे. म्हणजे ड्रोनचा हंगाम आणि ऊसतोडीचा हंगाम एकच! घराला कुलूप असते, चुना मारताना शेजारी सरकून आपली रेघ पुढे घेतो, चौकशीच्या वेळी कोणी हजर नसते, हरकतीची मुदत फडावरच संपते. म्हणून आमची मागणी अशी की, ज्या गावांतून मजूर स्थलांतर करतात तेथे चुना मारण्याचे आणि चौकशीचे काम कुटुंबे गावी असताना व्हावे, आणि कुलूपबंद घराची नोंद ‘मालक नाही’ अशी न करता ‘मालक कामानिमित्त बाहेरगावी’ अशी व्हावी.

तसेच केवळ घर टिपून भागणार नाही. आमचे विहार, समाजमंदिर, बाबासाहेबांच्या पुतळ्याचा चौथरा, वस्तीची विहीर, वस्तीकडे जाणारी वाट आणि स्मशानभूमी यांचे काय? दलितांच्या अंत्यविधीला जागा नाकारली गेली, प्रेत घेऊन नातेवाईक तहसील कार्यालयासमोर बसले, अशा बातम्या या महाराष्ट्रात अजूनही येतात. वर्षानुवर्षे वापरात असलेली स्मशानभूमी कागदावर नसते, हेच त्याचे कारण. राहत्या जागेची योजना म्हणून स्मशानभूमी सोडून दिली जाते. परंतु ड्रोन गावावर आलेलाच आहे, तर एक रेषा पुढे वाढवायला काय हरकत आहे? डिसेंबर २०२० मध्ये राज्य मंत्रिमंडळाने वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय घेतला. नव्या नकाशावर नवे नाव छापले जाते की जुनेच, हेही डोळ्यांत तेल घालून पाहिले पाहिजे.

तोच फोटो, दोन अर्थ

आता सर्वांत नाजूक प्रश्नाकडे येऊ. गायरानावरील वस्तीने ड्रोनचे स्वागत करावे की विरोध? हा प्रश्न आम्हाला अनेक कार्यकर्ते विचारतात, आणि तो रास्त आहे. गायरानावरील घराचा फोटो ताब्याचा पुरावा आहे, तसाच तो अतिक्रमणाचाही पुरावा आहे. फोटो एकच, अर्थ कायदा ठरवितो.

इतिहास पाहा. कर्मवीर दादासाहेब गायकवाडांनी १९५९ मध्ये आणि पुन्हा १९६४-६५ मध्ये भूमिहीनांचा लढा उभारला, हजारो स्त्री-पुरुष तुरुंगात गेले. त्या लढ्याच्या परंपरेतून मराठवाड्यात गायराने कसली गेली. २८ नोव्हेंबर १९९१ च्या शासन निर्णयाने १४ एप्रिल १९९० पर्यंतची शेतीसाठीची अतिक्रमणे नियमित करण्याचे ठरले. पुढे २८ जानेवारी २०११ रोजी जगपालसिंग विरुद्ध पंजाब राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने गावच्या सामाईक जमिनींवरील अतिक्रमणे हटविण्याचा आदेश दिला. २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने गायरानांवरील अतिक्रमणांची स्वतःहून दखल घेतली, तेव्हा राज्यात अशी सुमारे २ लाख २२ हजार बांधकामे असल्याचे समोर आले आणि गरिबांच्या दारावर नोटिसा चिकटल्या. जगपालसिंग निकालातच भूमिहीन मजूर आणि अनुसूचित जाती-जमातींना शासनाच्या आदेशाने दिलेल्या जमिनींचा अपवाद नमूद आहे. हा अपवाद नोटीस काढणारे सांगत नाहीत; तो आपणच सांगावा लागतो.

तेव्हा विरोध करून उपयोग नाही. ड्रोन परवानगी विचारून येत नाही आणि उपग्रह तर रोजच वरून पाहत आहे. लपून घर वाचत नाही, पुराव्याने वाचते. आजचा ड्रोनचा फोटो आज घर आहे एवढेच सांगतो; ते १९९० साली किंवा २०११ पूर्वी होते हे सांगत नाही. ते सांगणारे कागद आपल्या ट्रंकेत आहेत : नमुना ८ चे जुने उतारे, मतदार यादी, वीजबिल, मुलांचे शाळेचे दाखले आणि गाव नमुना १-इ, म्हणजेच अतिक्रमणाच्या नोंदवहीतील नोंद. दंडाची पावती फाडून टाकू नका. ज्या पावतीने सरकारने तुम्हाला अतिक्रमणदार म्हटले, तीच पावती तुम्ही त्या तारखेला तेथे होता हे सिद्ध करते. गूगल अर्थवर जुन्या वर्षांची उपग्रहचित्रे पाहता येतात. २००० नंतरच्या काळातील छपरे काही ठिकाणी त्यांत स्पष्ट दिसतात. हे सर्व कागद ड्रोनच्या नकाशावरील घराच्या क्रमांकाशी जोडून ठेवले, तर वस्तीची बाजू भक्कम होते.

कायदा आधी आणि ड्रोन मागून, असे झाले तर काय होते, याचे उदाहरण ओडिशात आहे. तेथे २०१७ साली झोपडपट्टीवासीयांना जमिनीचा हक्क देणारा कायदा झाला. लहान शहरांतील गरिबांना ३० चौरस मीटरपर्यंतची जागा मोफत देण्याची तरतूद झाली आणि मग ‘जागा मिशन’खाली वस्त्यांवरून ड्रोन उडाले. वस्तीतील लोकांना सोबत घेऊन घरोघरी पडताळणी झाली. या कामाला २०१९ चा जागतिक हॅबिटॅट पुरस्कार मिळाला. तेच ड्रोन, तेच शास्त्र. फरक एवढाच की, तेथे हक्क देण्यासाठी मोजणी झाली. महाराष्ट्राने गायरानावरील राहत्या घरांबाबत आधी हक्काचा निर्णय करावा आणि मग मोजणी करावी, ही मागणी चळवळीने एकमुखाने केली पाहिजे.

कार्यकर्त्यांनी काय करावे?

नुसते निवेदन देऊन, फोटो काढून, वृत्तपत्रात छापून आणण्याचे दिवस गेले. या कामात वेळेला महत्त्व आहे.

ज्या गावात उड्डाण व्हायचे आहे तेथे ग्रामसभेत वस्तीची हद्द ठरावाने नोंदवून घ्यावी. वस्तीचे गट नंबर, घरांची संख्या आणि सामाईक जागांची यादी ठरावात असावी. तो ठराव उपअधीक्षक भूमी अभिलेख यांच्याकडे देऊन पोच घ्यावी. उड्डाणाच्या हद्दीचा नकाशा लेखी मागावा. वस्ती बाहेर राहिली असेल तर कलम १२२ खाली हद्दवाढीचा अर्ज उड्डाणापूर्वीच करावा. रेघ ओढून झाल्यावर ती पुसणे किती अवघड असते, हे आम्ही वकील जाणतो.

ज्या गावात उड्डाण होऊन गेले तेथे माहिती अधिकार कायदा २००५ खाली उड्डाणाची हद्द, तारीख, नियंत्रण बिंदूंची यादी, वस्तीचे फोटो आणि मिळकतींची यादी मागावी. तीस दिवसांत उत्तर देणे बंधनकारक आहे. चौकशीच्या वेळी घरातील स्त्रीने हजर राहावे आणि पतीसोबत तिचेही नाव लावण्याची मागणी करावी. हरकत तोंडी घेऊ नये, लेखी घ्यावी. हक्कनोंदीतील नोंद खोटी ठरेपर्यंत खरी मानली जाते, असे संहितेचे कलम १५७ सांगते. म्हणजे चुकीची नोंद एकदा झाली की, ती खोटी ठरविण्याचा भार आपल्या डोक्यावर येतो. आणि मोजणीच्या गडबडीत कोणी आमच्या माणसाला त्याच्या जागेतून हुसकावले, तर तो केवळ दिवाणी वाद राहत नाही. अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायद्याच्या कलम ३ खाली तो गुन्हा होतो, हे पोलीस ठाण्यात ठणकावून सांगावे.

शेवटी एक आवाहन आमच्या शिकलेल्या मुलांना. समाजात आज अभियंते आहेत, भूगोलाचे पदवीधर आहेत, लग्नात ड्रोन उडवून पोट भरणारे तरुणही आहेत. या तरुणांनी वस्तीचा स्वतःचा नकाशा का काढू नये? ड्रोन नियम २०२१ नुसार हिरव्या क्षेत्रात ४०० फुटांपर्यंत उडण्यास वेगळी परवानगी लागत नाही, आणि दोन किलोपर्यंतचा ड्रोन धंद्यासाठी नसेल तर चालकाच्या प्रमाणपत्राचीही अट नाही. मात्र ड्रोनची नोंदणी करून घ्यावी आणि लाल-पिवळे क्षेत्र पाहूनच उडावे; आमच्या हातात बेकायदा यंत्र सापडण्याची वाट पाहणारे पुष्कळ आहेत. उड्डाण झाल्यावर मूळ फोटो, उड्डाणाची नोंद व नियंत्रण बिंदूंचे मोजमाप जसेच्या तसे जपावे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ नुसार अशा इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत पक्षकाराचे आणि तज्ज्ञाचे प्रमाणपत्र लागते. मूळ फाइलला एक अक्षर-अंकांची ओळख असते, तिला हॅश म्हणतात; तीही त्यात नमूद करावी लागते. व्हॉट्सॲपवर फिरून आलेला फोटो कोर्टात टिकत नाही, मूळ फाइल टिकते. आपला नकाशा सरकारी नकाशाची जागा घेणार नाही. पण सरकारी नकाशा चुकला हे दाखवायला आपल्या हातात काहीतरी असेल, आणि न्यायालयात त्या ‘काहीतरी’ला फार किंमत असते.

मालकी कागदावर आली म्हणजे कर वाढेल, घर गहाण पडेल, सावकार दारात येईल, अशी भीती काही ज्येष्ठ बोलून दाखवितात. ती अगदीच निराधार नाही. परंतु कागद नसल्याने आजवर काय वाचले, याचाही विचार करा. घरकुल मंजूर होऊनही जागा नावावर नाही म्हणून हप्ता अडला, कर्ज नाकारले गेले, नोटीस आली तेव्हा दाखवायला काही नव्हते. कागद असताना लढता येते. कागद नसताना फक्त विनवणी करावी लागते, आणि विनवणी करणे बाबासाहेबांनी आम्हाला शिकविलेले नाही.

जुनी मोजणी झाली तेव्हा आमच्या पूर्वजांना साखळी धरून उन्हात उभे केले गेले असेल, पण नकाशा वाचू दिला गेला नाही. आज परिस्थिती वेगळी आहे. आज नकाशा वाचणारे, आकडे समजणारे आणि कायदा जाणणारे आपल्यात आहेत. प्रत्येक तालुक्यात असे चार जण एकत्र यावेत, आपल्या तालुक्यातील वस्त्यांची यादी करावी आणि भूमी अभिलेख कार्यालयात जाऊन एकच प्रश्न विचारावा : यांपैकी किती वस्त्या तुमच्या उड्डाणरेषेत आहेत? उत्तर मिळेपर्यंत तेथून उठू नये.